खुंटी धरली?

अभिजीतचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात रजेचे अर्ज लावत बसले होते. रेल्वेतली माणसं किती तऱ्हांनी रजा मागतात, याचा माझ्याइतका अभ्यास अख्ख्या सिकंदराबादेत कुणाचा नसेल. नंबर अनोळखी होता. "सुमेधा? अभिजीत बोलतोय," तो म्हणाला, आणि मधे अकरा वर्षं गेलीच नाहीत अशा थाटात बोलत सुटला. त्याच्या चेलोवाल्यानं स्कूटरवरून पडून मनगट मोडून घेतलं होतं. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलेला. पियानो क्वार्टेट. तेच, आपण केलेलं. ते हातात बसलेलं चेलोचं माणूस हैदराबादेत तुझ्याशिवाय दुसरं नाही. येशील का?

मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की तोच अडखळला. त्याला वाटलं असेल, बिचारी वाटच बघत होती. होतेच मी वाट बघत. अकरा वर्षं या माणसावर डूख धरून होते, आणि आज तो आपल्या पायांनी चालत आला होता.

आधी ते क्वार्टेट काय प्रकरण आहे ते सांगते, नाहीतर राग कशाचा ते कळायचं नाही. पियानो, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो, असे चौघं. समोर काठी हलवणारं कुणी नसतं. चौघांनी एकमेकांच्या श्वासावर आणि डोळ्यांवर चालायचं. ज्या रचनेबद्दल मी बोलतेय तिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. लिहिणारा जर्मन होता म्हणून आई तिला 'ते जर्मन' म्हणायची, अजून म्हणते. तिचे चार भाग आहेत. तिसरा संथ आहे, आणि त्याची सुरुवातच चेलोच्या हातात दिलेली आहे. देव आम्ही मानत नाही, पण तो भाग लिहिणाऱ्यापुरती मी सूट देते.

त्या भागात एक खोड आहे. चेलोची सगळ्यात जाड तार 'सी' या सुराला लावलेली असते. पण या भागाच्या शेवटी त्याच्याही खालचा 'बी फ्लॅट' हवा, जो चेलोत नाहीच. म्हणून बाकीचे तिघं वाजवत असताना चेलोवाल्यानं गुपचूप खुंटी पिळून तार उतरवायची, तो खालचा सूर भाग संपेपर्यंत धरून ठेवायचा, आणि मग तार पुन्हा वर चढवायची. मगच चौथा भाग. चौथा भाग सुटतो तो उधळूनच, त्यामुळे त्याच्या आधी चेलोसाठी थांबावंच लागतं. आमच्यात ठरलेली खूण अशी की तार जागेवर आली की मी मान हलवायची, आणि ती बघून अभिजीतनं व्हायोलिन उचलायचं. त्याच्या आधी नाही.

माझा चेलो पप्पांनी जिवंत केलेला. पप्पा, म्हणजे भिवाजी, परभणीहून आले आणि लालागुड्याच्या कारखान्यात रेल्वेच्या डब्यांचे सुतार झाले. तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. तिथल्या एका जुन्या क्लबाच्या अडगळीत मान तुटलेला चेलो पडला होता. अडगळ निकालात निघाली तेव्हा पप्पांनी साहेबाची परवानगी काढली आणि तो खांद्यावरून घरी आणला. मान जोडली. खुंट्या नव्हत्याच, त्या शिसवीच्या घडवल्या. वाजवायला एका निवृत्त गार्डनं शिकवलं, नोटेशन वाचायला पियानोवाल्या अलकाताईंनी. जाड तारेच्या खुंटीच्या डोक्यात पप्पांनी पितळेची एक बारीक खिळी ठोकली होती. खिळी सरळ खाली असली की 'सी', माझ्या कानाकडे वळली की 'बी फ्लॅट'. खुंटी सरकू नये म्हणून तिला खडू आणि कोरडा साबण चोळायचा, हेही त्यांनीच करून करून शोधलेलं.

मी सराव करत असले की ते स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभे राहायचे. मी खुंटी पिळली की भुवया उचलून विचारायचे, धरली? तोंडानं विचारलं तर पोरीची लय मोडेल म्हणून नुसत्या भुवया. उत्तर मिळालं की मग चहाचा घोट घ्यायचे. सुरातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण खुंटी त्यांची होती.

दोन हजार तेरा साली एका ट्रस्टनं आमच्यासारख्यांसाठी शिष्यवृत्ती काढली. जर्मनीत एक वर्ष शिकायचं. जागा एक. परीक्षक आमचं क्वार्टेट ऐकणार आणि आमच्यातून, म्हणजे खरं तर अभिजीत आणि माझ्यातून, एकाला उचलणार. अभिजीत पुण्याचा. वडील आयटीत, बदलीवर इथे आलेले. त्याचं व्हायोलिन इटलीहून आलं होतं, माझा चेलो अडगळीतून. तरी त्या महिन्यात ऐकणारे सगळे म्हणायचे, सुमेधाच जाणार. पियानोवर अलकाताई होत्या, त्या तर अभिजीतच्या तोंडावर म्हणायच्या.

परीक्षेच्या सकाळी खुंटी जरा सैल लागत होती. पप्पांनी रजा टाकून ती काढली, खडू-साबण चोळला, परत बसवली, आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेच्या टोकाला येऊन बसले. तिसरा भाग मी कसा वाजवला ते सांगत नाही, स्वतःची आरती ओवाळल्यासारखं होईल. तार उतरवली, खालचा सूर धरला, तो बारीक होत होत संपला. मी एकदा पप्पांकडे पाहिलं. मग खुंटीकडे हात नेला, आणि हात पोचायच्या आत अभिजीतनं चौथा भाग सुरू केला.

परीक्षेत थांबता येत नाही. मी 'सी' वाजवायला जावं आणि खालून 'बी फ्लॅट' भसकन बाहेर यावा. वाजवता वाजवता खुंटी पिळायला गेले तर तार सुटून लोंबली. सात-आठ मिनिटं मी त्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत उघडी पडून बसले होते. परीक्षकांनी माझ्या नावापुढे दोनच शब्द लिहिले, सूर कच्चा.

ते एकवेळ मी गिळलं असतं. पण विंगेत मी चेलो पेटीत ठेवत होते तेव्हा अभिजीत परीक्षकांशी बोलताना ऐकू आला. अगदी सभ्य, समजूतदार आवाज. "तिचा चेलो घरीच दुरुस्त केलेला आहे हो. वडील सुतार आहेत. खुंटी टिकली नसेल." माझ्या मागे पप्पा उभे होते, हातात माझी पाण्याची बाटली. त्यांनीही ऐकलं. बाटली माझ्या हातात दिली आणि बाहेर जाऊन रिक्षा बघायला लागले.

अभिजीत जर्मनीला गेला. मी सांस्कृतिक कोट्यातून रेल्वेत चिकटले. आणि पप्पांनी त्यानंतर एकाही वाद्याला हात लावला नाही. आधी लोक कुठून कुठून यायचे, कुणाच्या हार्मोनियमची पट्टी, कुणाच्या वीणेची खुंटी. त्यांनी हत्यारं पोत्यात बांधली, ते निवृत्त होऊन आम्ही अंबरपेठेतल्या घरी आलो तरी ती सुटली नाहीत. पोतं पलंगाखाली आहे. झाडताना मला ते दर आठवड्याला दिसतं. माझं एक वर्ष बुडालं ते बुडालं, पण माझ्या बापाची हत्यारं त्यानं एका वाक्यात बांधून टाकली होती. ते मी सोडणार नव्हते. सूड हा शब्द मालिकांनी पार नासवून टाकलाय, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

तालमी अलकाताईंकडे, सुलतान बाजारात. खाली साड्यांचं दुकान, वर त्यांचा पियानो. रस्त्यावर बसनं हॉर्न दिला की तो कोणत्या सुरात दिला ते अलकाताई वाजवता वाजवता सांगतात. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या कुणालाच पूर्ण येत नाही.

"आलीस गे? बैस," त्या म्हणाल्या. "कायकू एवढी वाळलीस? बरं झालं तू आलीस. त्या आधीच्या माणसाला नुस्तं परेशान होता यायचं. वाजवायचं नाव काढलं की नक्को."

व्हायोलावर चिन्मय होता, पंचविशीचा, गचीबावलीत नोकरी करणारा. कार्यक्रमाची मराठी पत्रिका त्यानं मलाच वाचून दाखवायला लावली. "बेसिकली मला अक्षरं येतात, ताई, पण स्पीड नाही," म्हणाला. पोरगं गोड होतं. त्याचं माझं काही वाकडं नव्हतं, त्याच्याबद्दल जरा वाईट वाटत होतं.

आणि अभिजीत. केस विरळ झालेले, चष्मा लागलेला, दर दोन वाक्यांमागे सॉरी म्हणणारा. त्या दिवसाचा विषय तो काढेल म्हणून मी तयारीत होते. त्यानं माफी मागितली तर काय बोलायचं, सारवासारव केली तर काय बोलायचं, सगळं माझ्याकडे तयार होतं. त्यानं काहीच काढलं नाही. पहिल्या तालमीत तिसरा भाग संपत आला तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "खूण तुझी हं, सुमेधा. तू मान हलवलीस की मी निघालो. आधी नाही."

आधी नाही म्हणे! मला वाटलं, तिथेच त्याच्या कानाखाली वाजवावी. हा विसरला होता. ज्या गोष्टीवर मी अकरा वर्षं जगले ती याच्या लक्षातही नव्हती. त्याला लाज वाटत असती तर कदाचित मी ढिली पडले असते. पण विसरला म्हटल्यावर माझं तिथल्या तिथे ठरलं.

ठरलं ते असं. कार्यक्रमात तिसरा भाग संपला की मी मान हलवायची, पण तार चढवायचीच नाही. तो बेफाम सुटणार, आणि मी गज मांडीवर ठेवून हात बांधून बसणार. चेलो निघून गेला की चौघांच्या खालची जमीनच जाते. तिघं किती वेळ तग धरतात ते बघायचं. ते थांबले, त्यानं माझ्याकडे पाहिलं, की भरल्या हॉलमध्ये एकच वाक्य बोलायचं, "माझी तार उतरलेली होती आणि तू थांबला नाहीस." हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं, आरशासमोर म्हटलं, रजेच्या अर्जांवर नजर ठेवून मनात घोळवलं. दरवेळी तोंडाला गोड लागायचं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं मला गाडीतून घरी सोडलं. वाटेत त्याचं सगळं कळलं. नोकरी सोडलेली. तारनाक्याला एक जागा बघून ठेवलेली, तिथे त्याला तारवाद्यांची शाळा काढायची होती. एका जर्मन संस्थेचे दोघं रविवारी ऐकायला येणार होते. त्यांना पटलं तर शाळा. नाहीतर पुण्याला परत, आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये, वडिलांच्या ओळखीनं काहीतरी.

"माझं सगळं या रविवारवर आहे," तो म्हणाला.

"असं?" मी म्हणाले. मला आतून इतका आनंद झाला की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

घराशी आल्यावर म्हणाला, काकांना भेटून जातो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. पप्पांनी दार उघडलं, त्याला बघितलं, आणि आई घरात असताना स्वतःच चहा टाकायला आत गेले. अभिजीत चेलोपाशी जाऊन उकिडवा बसला.

"ही खिळी अजून आहे! काका, जर्मनीत मी सगळ्यांना सांगायचो ह्या खिळीचं. तिथे कुणाला सुचलं नव्हतं हे."

म्हणजे माझ्या बापाची सुतारकी हा तिकडे किस्सा म्हणून सांगत होता. मी दातांवर दात दाबून बसले. पप्पांनी चहा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्यांनी अभिजीतकडे एकदाही वर बघितलं नाही.

तो गेल्यावर पप्पा म्हणाले, "सुमे, त्या पोराच्या वाट्याला जाऊ नको."

मी काही सांगितलं नव्हतं. पण बापाला कळतं. "तुम्ही विसरलात का, पप्पा?"

"मी काहीच इसरलो न्हाई, माय. ते पोरगं वाईट न्हाई. तुला एक सांगायचं व्हतं मला, लई दिवसांचं..."

"काही सांगू नका," मी म्हणाले. "आयुष्यभर साहेबांपुढे मान खाली घातलीत. आता त्या पोरापुढे पण घालताय!"

हे मी बोलले. बोलले ते बोलले. पप्पा उठले आणि कपबशा विसळायला गेले.

रविवारी सकाळी अकराचा कार्यक्रम, बंजारा हिल्सवरच्या एका हॉलमध्ये. निघायच्या आधी मी खडू आणि साबणाचा तुकडा घेऊन बसले तर पप्पा म्हणाले, "दे इकडं." अकरा वर्षांनी त्यांनी ती खुंटी हातात घेतली. काढली, पुसली, खडू चोळला, साबण चोळला, बसवली, दोनदा पिळून बघितली. काम पहिल्यासारखंच चोख. मला भरून आलं. मला वाटलं, आज काय होणार ते यांना कळलंय, आणि हा त्यांचा होकार आहे.

हॉल भरलेला. एसी इतका की माझी बोटं गार पडली. दुसऱ्या रांगेत ते दोघं जर्मन, त्यातल्या बाईंच्या मांडीवर वही. पहिल्या रांगेच्या टोकाला पप्पा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पहिला भाग गेला, दुसरा गेला. अभिजीत छान वाजवत होता, हे कबूल करायला मला जड जातंय. तो नुसता स्वतःचं वाजवत नव्हता, ऐकत होता. तिसऱ्या भागाची सुरुवात मी केली आणि तीच धून पुढे त्यानं उचलली, तेव्हा त्यानं माझा प्रत्येक श्वास जसाच्या तसा घेतला. क्षणभर वाटलं, जाऊ दे. मग पलंगाखालचं पोतं आठवलं.

तार उतरवली. खिळी कानाकडे वळली. तो खालचा सूर मी धरला आणि बाकीच्यांचं वाजवणं त्याच्यावर हलकं हलकं होत गेलं, मग नुसता माझा सूर राहिल्यासारखा झाला, मग तोही नाही. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. अभिजीतनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून मान हलवली. एकदा, ठसठशीत.

तो सुटला. चिन्मय सुटला. अलकाताईंचे हात पट्ट्यांवर उतरले. मी गज मांडीवर ठेवला.

तग धरला त्यांनी जेमतेम दहा सेकंद. चिन्मयनं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा गज घसरला. अलकाताईंचा डावा हात माझी जागा भरायला धावला, चाळीस वर्षांची सवय, पण चिन्मय थांबल्यावर त्याही थांबल्या. सगळ्यात शेवटी व्हायोलिन थांबलं. त्या जर्मन बाईंची पेन्सिल वहीवर तशीच राहिली. कुणाचा तरी मोबाइल खुर्चीवर घुर्र घुर्र करत होता. अकरा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"माझी तार उतरलेली होती," मी म्हणाले, "आणि तू थांबला नाहीस."

मला वाटलं होतं तो पांढराफटक पडेल, नाहीतर चिडेल. त्यानं व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे वाकला. पुढचं सगळं तो हळू आवाजात बोलला, तरी पहिल्या रांगेपर्यंत गेलं असणार.

"तू मान हलवलीस, सुमेधा."

"हलवली. मुद्दाम हलवली. कसं वाटतं ते तुला कळावं म्हणून."

"मला माहितीय कसं वाटतं." तो म्हणाला. "त्या दिवशी पण तू मान हलवली होतीस."

"खोटं बोलतोस."

"मी स्वतः बघितली. म्हणून तर निघालो. तुझी तार चढलेली नाही हे मला पहिल्या सुराला कळलं, पण तोवर..." त्यानं चष्मा वर सरकवला. "परीक्षकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी ती तुझी चूक म्हणून लिहिली असती. म्हणून मी खुंटीवर ढकललं. दुसरं काही सुचलं नाही तेव्हा. मला वाटलं, तुला माहीत आहे. तू बोलणंच बंद केलंस."

खोटं आहे, असं पुन्हा म्हणायला मी तोंड उघडलं. मी कशाला मान हलवेन? तार खाली असताना? मी वेडी आहे का? हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली होती. काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी हात खुंटीकडे नेला. पितळेची खिळी कानापाशी बोटांना लागली. मी ती पिळली. इतक्या शांत हॉलमध्ये तार वर चढताना सगळ्यांना ऐकू आली, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, कण्हत. खिळी सरळ खाली आली. खुंटी जिथल्या तिथे थांबली, तसूभर सरकली नाही.

मी डोकं वर केलं, तर पहिल्या रांगेच्या टोकाला पप्पा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या. धरली?

माझी मान हलली.

मी हलवली नव्हती. ती आपोआप हलली, लहानपणापासून हलत होती तशी, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हजारदा हलली होती तशी. मला ती हललेली कधी कळलीच नव्हती, कारण ती माझ्या लेखी मान हलवणं नव्हतंच. ते पप्पांना दिलेलं उत्तर होतं. त्या दिवशी सकाळी खुंटी सैल होती. तिसरा भाग संपला तेव्हा मी पप्पांकडे पाहिलं होतं, त्यांनी विचारलं असणार, टिकली का खुंटी. टिकली होती. मी सांगितलं.

पप्पांच्या भुवया खाली आल्या. आपण काय विचारून बसलो ते त्यांना कळलं, आणि त्यांनी तोंडावर हात धरला. पण ते त्यांना आज कळलेलं नव्हतं. ते त्या दिवशीच, विंगेत, हातात बाटली घेऊन उभे असतानाच कळलं होतं. पोरीची मान कुणासाठी हलली हे त्या हॉलमध्ये एकट्या त्यांना माहीत होतं. हत्यारं अभिजीतच्या वाक्यानं नाही, पप्पांच्या त्या एका 'धरली?'नं बांधली गेली होती. परवा ते सांगायला निघाले होते, आणि मी त्यांना काय म्हणाले ते मी वर लिहिलं आहे.

माझा राग गेला म्हणाल तर गेला नव्हता. तो तसाच होता, अकरा वर्षांचा, धडधाकट. फक्त आता तो ठेवायला जागा नव्हती.

मी तिघांकडे वळले. माझी मान हललेली तिघांनीही बघितली होती. कुणी सुरू केलं नाही. चिन्मय माझ्याकडे न बघता समोरच्या कागदांकडे बघत होता. अलकाताईंचे हात मांडीवर. मी अभिजीतकडे बघून पुन्हा मान हलवली, या वेळी खरी, त्याच्यासाठी. तो हलला नाही.

"तयार आहे," मी म्हणाले. तरी तो तसाच, म्हणून परत म्हणाले, "तार चढवलीय. तयार आहे."

अभिजीत थोडा पुढे वाकला. त्यानं माझ्या कानापाशी असलेल्या खुंटीकडे बघितलं, खिळी सरळ खाली आहे का ते नीट पाहून घेतलं, आणि मग व्हायोलिन उचललं.